चाराने भाग जाणारी संख्या

तात्या, तुम्ही अष्टमीला गेलात. हे आधी लिहून टाकतो, कारण कल्याणात सगळे दुसरेच सांगतात. तुमच्याच नावाने छापलेल्या पंचांगावर बोट ठेवून तुमचा पुतण्या विनायक नवमी म्हणतो, आणि भोवतालच्या माना हलतात. मार्गशीर्ष वद्य अष्टमी त्या दिवशी आभाळात दुपारपर्यंत होती. तुमच्या पंचांगात ती सकाळीच संपली होती. तुम्ही गेलात ते या दोहोंच्या मधल्या वेळात. जी फट तुम्ही आयुष्यभर सारवून झाकलीत, नेमके तिच्यातच पाऊल घालून गेलात.

मी श्राद्ध मानत नाही. मेलेल्या माणसाला भात पोचतो हे मला पटत नाही, तसे मी एका चोपड्यात छापलेही आहे. ते चोपडे वाचल्यापासून तुम्ही मला सदाशिवराव म्हणू लागलात. एरवी मी तुमचा सदू. तेव्हा तुमची तिथी कोणती का असेना, मला काय त्याचे? हाच प्रश्न मला तुमच्या दहाव्याला घाटावर विचारला गेला आणि तेथे मला उत्तर सुचले नाही. ते येथे देतो.

तुमच्या ओसरीवर मी गणित शिकलो. पावकी, निमकी, पाऊणकीचे पाढे गावातली सगळीच मुले घोकत. त्यापुढचे तुम्ही शिकवलेत. "गुणाकार ओळखीचा वाटला तरी नवांनी तपासल्याशिवाय घरात घेऊ नये," म्हणायचात. लाकडी फळीवर बारीक धूळ पसरून तुम्ही बोटाने आकडे मांडत असा. एक पायरी झाली की तळव्याने धूळ सपाट करायची आणि पुढची मांडायची. सगळ्या जोशांची हीच रीत. उत्तर राहते, वाट राहत नाही. लहानपणी मला त्याची मौज वाटे. आता संताप येतो. ज्या धंद्यात आपलीच पावले पुसत पुढे जायचे, त्या धंद्यात चूक कोणत्या पावलाला झाली हे कोण कोणाला विचारणार?

गेल्या पौषातल्या अमावास्येचे सूर्यग्रहण आठवते का? न आठवून कसे चालेल. तुमच्या पंचांगात स्पर्श सकाळचा दिला होता. अर्धे कल्याण खाडीवर उतरले. स्पर्श होताच बुडी मारायची म्हणून लोक आधीच कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. तुमच्या कुटुंबाला, काकूंना, खोकला होता, तरी त्याही उभ्या. तुम्ही काठावर घंगाळ भरून त्यात तांब्याची वाटी सोडली होती. बुडाच्या बारीक भोकातून पाणी चढून वाटी बुडली की एक घटका झाली. सूर्योदयापासून तुम्ही वाट्या मोजत होता. ठरलेली वाटी बुडाली, तुम्ही हात वर केलात, सगळ्यांनी बुडी मारली आणि नाकातोंडातले पाणी पुसत वर पाहिले.

सूर्य अखंड होता.

आणखी एक वाटी बुडाली. लोकांचे दात वाजू लागले. मिठागरावरचा एक आगरी गडी पाण्यातूनच म्हणाला, "जोशीबुवा, सूर्यनारायनाला तुमचा पंचांग पोचला नाय वाटतं."

"टपालानं धाडलं असेल," पलीकडून कोणीतरी बोलले.

"तिकीट नसंल लावला."

लोक हसले. काकू खोकत होत्या. दुसरीही वाटी बुडून गेली, काही म्हातारे बाहेर येऊन पंचे पिळू लागले, आणि मग कुठे सूर्याच्या कडेला चावा दिसला.

तेव्हा विनायक पुढे झाला. "अहो, स्टेशनातल्या घड्याळावर जाऊ नका. ते मद्रासच्या वेळेवर चालतं, आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे. म्हणून ग्रहण उशिरा झाल्यासारखं वाटलं."

लोकांना केवढे हायसे वाटले. चूक मद्रासची ठरली. पाण्यात उभ्या असलेल्या एकाने तरी त्या दिवशी स्टेशनातले घड्याळ पाहिले होते काय? सगळे तुमच्या वाटीवर विसंबून कुडकुडत होते, आणि मद्रास कोणीकडे आहे हे त्या वाटीला ठाऊक नाही. मी सगळ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "तात्या, वाटी काय म्हणते?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग घंगाळातून वाटी उचललीत, पाणी झटकलेत, आणि ती काठावरच्या दगडावर पालथी घातलीत.

दुसऱ्या दिवशी मी भांडायच्याच तयारीने ओसरीवर आलो. "काल गप्प का बसलात?" म्हणून विचारले. तुम्ही फळी ओढलीत, धूळ पसरलीत आणि एक संख्या लिहिलीत. १५७७९१७८२८. एक अब्ज सत्तावन्न कोटी एकोणऐंशी लक्ष सतरा हजार आठशे अठ्ठावीस. एका महायुगाचे दिवस. साऱ्या पंचांगाचे जोते या एका संख्येवर उभे आहे, आणि ती प्रत्यक्ष सूर्याने सांगितली असे तुमच्या घराण्यात नऊ पिढ्या म्हणत आले.

"सांगणारा सूर्य," मी म्हणालो, "आणि स्वतःच्या ग्रहणाला उशिरा येणाराही सूर्यच."

तुम्ही हसला नाहीत. "शेवटचे दोन आकडे बघ."

"अठ्ठावीस."

"चाराने भाग जातो?"

"जातो."

"मग सगळ्या संख्येला जातो. शंभराला चाराने भाग जातोच, त्यामुळे आधीचे आकडे काही का असेनात."

भागून दाखवलेत. ३९४४७९४५७. मला नवांनी तपासायला लावलेत. मूळ संख्येच्या आकड्यांची बेरीज पंचावन्न. पाच नि पाच दहा, म्हणजे एक. भागाकाराच्या आकड्यांची बावन्न, म्हणजे सात. सात चोक अठ्ठावीस, दोन नि आठ दहा, म्हणजे पुन्हा एक. जुळले.

"बरं, मग?" मी म्हणालो. "चाराने पुष्कळ गोष्टींना भाग जातो. बैलगाडीच्या बैलांनाही जाईल, दोन गाड्या घेतल्या तर."

"बैल राहू दे. चंद्राचे फेरे मांड."

महायुगात चंद्राचे फेरे ५७७५३३३६. शेवटी छत्तीस. जातो. मंगळाचे २२९६८३२. शेवटी बत्तीस. जातो. गुरूचे ३६४२२०. जातो. शनीचे १४६५६८. येथे माझ्या 'जातो'चा आवाज बदलला असावा, कारण तुम्ही मान वर केलीत. मग बुध, मग शुक्र. तेही तसेच.

"सहज उचललेली संख्या चारांत एकदा चाराने जाते," तुम्ही म्हणालात. "दिवस, चंद्र आणि पाच ग्रह, या सात संख्या झाल्या. चाराला चाराने गुणत सात वेळा मांड."

१६३८४ आले.

"इतक्या वेळा नशीब काढलंस तर एकदा सातही आपसूक जातील."

"आणि राहू?"

"राहूला नाही जात. २३२२३८. दोन उरतात. चंद्र आपल्यापासून लांबात लांब असतो तो बिंदू, त्याच्या फेऱ्यांनाही जात नाही. त्या दोघांना पंगतीत बसवायचंच नव्हतं."

पंगत कसली, ते मग सांगितलेत. कलियुगाच्या आरंभी सगळे ग्रह मेषेच्या तोंडाशी एकत्र हवेत, असे कोणीतरी आधी ठरवले. सृष्टीपासून तेथवर येताना सगळी महायुगे पूर्ण भरत नाहीत, पाऊण महायुग वर उरते. त्या पाऊण महायुगातही प्रत्येक ग्रहाचे फेरे पुरे व्हायचे, तर एकूण फेऱ्यांना चाराने भाग गेलाच पाहिजे. "पाऊणकी आहे ही, सदू. बाकी काही नाही. आधी पंगत मांडली आणि मग पाहुण्यांची पावलं मोजली."

"म्हणजे सूर्याने सांगितली नाही. माणसाने बनवली."

"बनवली म्हणू नकोस. आभाळात जे दिसलं त्याच्या अगदी जवळ जाऊन, मग चाराकडे जराशी वळवून बसवली. फार हुशार माणूस होता तो."

"आणि त्याचं ते जरासं वळवणं शेकडो वर्षं साचत आलं."

"साचत आलं," तुम्ही म्हणालात. कबुली म्हणून म्हणालात. मी ते ऐकले आहे.

त्या सकाळसारखी सकाळ मला पुन्हा मिळणार नाही, आणि त्याबद्दल मी तुमचा ऋणी आहे. रागाच्या भरात हे राहून जाईल म्हणून मध्येच लिहितो. देवाच्या संख्येवर माणसाच्या बोटाचा ठसा कसा शोधायचा हे मला कोणत्याही निबंधाने शिकवले नाही. मी चोपड्यांतून ओरडत आलो की ही शास्त्रे माणसांची. तुम्ही ओरडला नाहीत. शेवटचे दोन आकडे बघ, एवढेच म्हणालात.

मी म्हटले, "तात्या, हे छापा."

तुम्ही म्हणालात, "पाडव्याच्या पंचांगात घालतो. पहिल्याच पानावर. ही संख्या माणसाने बसवली आहे. ती आता आभाळाशी मिळत नाही. वेध घेऊन ती दुरुस्त केली पाहिजे. तीन वाक्यं. पुरे ना?"

"पुरे."

मग तुम्ही तळवा फिरवून धूळ सपाट केलीत.

पाडव्याआधी तुमची प्रत ठाण्याला आमच्या शिळाप्रेसात आली. पहिल्या पानावर नेहमीचाच गणपती, नेहमीचेच मंगलाचरण, आणि 'साक्षात् सूर्यमुखातून आलेल्या गणितास अनुसरून'. मी पान उलटून पाहिले. मागे काही नाही. शाईचा रूळ माझ्याच हातात होता. नोकरी होती, फिरवला. ठाण्यापासून खडवलीपर्यंतच्या भटजींच्या घरांत ते सूर्यमुख मीच छापून पाठवले.

तुमच्याकडे आलो तो सरळ विचारले, "भ्यालात?"

"अरे, ऐकून घे. चूक असली तरी ती एकच आहे. डोंबिवलीची माणसं आणि खडवलीची माणसं एकाच दिवशी उपाशी राहतात, एकाच दिवशी जेवतात. तुझी खरी संख्या आली की घराघरात दोन एकादश्या. सासू आज उपाशी, सून उद्या. मग भांडत बसा."

"सगळ्यांनी मिळून चुकायचं, याला एकी म्हणत नाहीत."

"वाक्य छान आहे. छापायला बरं."

"आणि तुमचं?"

"माझं घर चालवायला बरं," तुम्ही म्हणालात, आणि हे मात्र खरे बोललात. "विनूचं लग्न व्हायचंय. जुनं पंचांग खोटं म्हणणाऱ्या जोशाकडून मुहूर्त कोण काढून घेईल? तूच छापशील माझी कैफियत, आणि ती वाचणारे तुझ्यासारखे चौघे. चौघांना मुहूर्त लागत नाहीत."

मी ओसरी उतरलो. त्यानंतर आपण भेटलो, बोललो, काकूंनी दिलेले पोहेही मी खाल्ले. परंतु या विषयाला तुम्ही हात लावला नाहीत आणि मी लावला की तुम्ही पाऊसपाण्याचे काढत असा. वाद तेथेच पडून राहिला. दोन एकादश्यांचे उत्तर मला पुढे सुचले. त्यांची भीती सासूला नव्हती, सुनेला नव्हती. ती पंचांग विकणाऱ्याला होती. हे तुमच्या तोंडावर म्हणायचे होते. तुम्ही ऐकून काय म्हणाला असता तेही मला ठाऊक आहे: "सदाशिवराव, विकणाऱ्यालाही पोट असतं." तरीही म्हणायचे होते.

आता दहाव्याचे. घाटावर पिंड झाले, मंडळी सावलीला बसली, आणि विनायक तुमच्या शेवटच्या सकाळचे सांगू लागला.

"ताप फार चढला होता. मला म्हणाले, विनू, अष्टमी आहे का? मी पंचांग काढून दाखवलं. म्हटलं, संपली तात्या, नवमी लागली. तर म्हणतात, नाही लागली. मी पुन्हा दाखवलं, हे बघा, आठ घटकांवर संपली. पुन्हा तेच. नाही लागली. स्वतःच्या पंचांगाला खोटं म्हणत होते हो. वात झाला की असं होतं."

दोघातिघांनी चुकचुक केली.

मी विचारले, "आणखी काय म्हणाले?"

"काही नाही. हात तेवढा हलत होता." विनायकाने आपल्या मांडीवर तळवा ठेवून फिरवून दाखवला. "पांघरुणावर असा."

"असा की बोटानं?"

"म्हणजे?"

"पुसत होते की लिहीत होते?"

"मला काय माहीत? शेवटची घरघर लागलेल्या माणसाचा हात तो."

तात्या, त्याने पाहिले नाही. ज्याला तुमची गादी मिळायची, त्याने एवढेही पाहून ठेवले नाही.

ठाण्याच्या कचेरीत जहाजांसाठी छापलेले इंग्रजी पंचांग येते. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरला की एक तिथी, हे तुम्हीच मला शिकवलेत. तुम्ही गेल्याचे कळल्यावर दुसऱ्याच दिवशी मी ते मांडून पाहिले होते. का, ते मला सांगता येणार नाही, हाताला चाळा हवा होता. अष्टमी दुपारपर्यंत होती. तेव्हा ते नुसते गणित होते. घाटावर विनायकाचे बोलणे ऐकले आणि ते तुमच्या शब्दांशी जुळले. तुम्ही शुद्धीवर होता. तापात, उशीवर डोके ठेवून, तुम्ही खरी तिथी सांगत होता.

मी उठून तसे सांगितले. "त्यांना वात झाला नव्हता. अष्टमीच होती."

"सदाशिवराव," विनायक म्हणाला, "इथे चोपडी वाचायला जमलो नाही."

"साहेबाच्या पंचांगावर श्राद्ध घालायचं का आता?" आणखी एक जण म्हणाला.

"घालू नका. मी श्राद्ध मानतच नाही."

"मग तुला तिथीशी काय करायचंय?"

हाच तो प्रश्न. उत्तर असे की ती तिथी नव्हे, ती तुमची साक्ष होती. जी तीन वाक्ये तुम्ही पहिल्या पानावर घालणार होता, त्यांच्या ऐवजी तुम्ही दोन शब्द बोललात, आणि तेही कोठे? जेथे ऐकणारा एकच, आणि त्याला नवमी विकायची आहे. भर खाडीवर शेकडो माणसे तुमच्या तोंडाकडे पाहत होती तेव्हा वाटी पालथी घातलीत. ज्या खोलीत खरे बोललेले वात ठरणार, त्या खोलीत खरे बोललात. यावर रागवावे की तुमचे पाय धरावे, मला ठरवता येत नाही. पाय आता नाहीत, म्हणून राग उरतो.

घाटावरून मी काकूंकडे गेलो. त्या माजघराच्या दाराआड बसल्या होत्या.

"सदू, घाटावर भांडलास म्हणे."

"कोणी सांगितलं?"

"तू भांडलास की माणूस पोचायच्या आधी बातमी पोचते. खरं सांग, कोणती तिथी?"

"अष्टमी, काकू."

"आणि विनू म्हणतो ती?"

"ती छापील."

"म्हणजे यांनीच छापलेली."

त्या थोडे खोकल्या; पौषातल्या त्या पाण्यापासून तो खोकला गेलेलाच नाही.

"मग मी दोन्ही दिवस उपाशी राहीन," त्या म्हणाल्या. "एक दिवस ते बोलले म्हणून. एक दिवस त्यांनी छापलं म्हणून."

"काकू, एकही नको. तुमची तब्येत बघा. हे सगळं..."

"तुझं चोपडं नको सांगूस. वर्षभर ओसरीवर तुम्ही दोघं खरं कोणतं, खोटं कोणतं करत होता, मी आत ऐकत होते. मी कोणता दिवस धरू ते एकानं तरी विचारलंत का?"

मला आजवर पुष्कळांनी उलट उत्तरे दिली आहेत, मी त्यांना परत दिली आहेत. काकूंचे मात्र तसेच घेऊन मी उठलो.

तुमची तीन वाक्ये मी छापणार आहे. खाली त्या साती संख्या मांडीन, म्हणजे ज्याला दोन आकड्यांना चाराने भागता येते त्याने घरी बसून पाहावे. तुमचे नाव घालणार नाही. ते तुम्ही दिले नाहीत, आणि मेलेल्या माणसाची सही करणारा मी नव्हे. 'नाही लागली' हे दोन शब्द तेवढे तुमचे म्हणून छापीन. विनायक म्हणेल वात. म्हणू दे. मांडून पाहणारा एखादा निघेल.

पुढच्या मार्गशीर्षात घरात पान नवमीला वाढले जाईल. काकू अष्टमीलाही उपाशी राहतील आणि नवमीलाही. दोन एकादश्यांना भ्याला होता ना तुम्ही? त्या तुमच्याच घरात आल्या, आणि सासूसुनांत वाटल्या न जाता दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आल्या. त्यांतला अष्टमीचा उपास तुमचा आहे, तात्या. नवमीचा तुमच्या भीतीचा.